उणे एक यार्ड

भूपालअण्णा मगदूमांनी चेंडू दोन्ही हातांत घेतला. एकदा उभा धरला, एकदा आडवा धरला, कानाशी नेऊन हलवून बघितला आणि सोप्यातल्या बाकावर माझ्या नि त्यांच्या मधोमध ठेवला. तो घरंगळला. मी उचलून परत ठेवला. तो परत घरंगळला.

"ह्यो चेपलाय का असाच असतोय?"

"असाच असतोय, अण्णा."

"मुद्दाम?"

"व्हय."

"आणि तुमी ह्येच्या मागं पळताय."

"ह्येला घेऊन पळतोय. मागं बाकीचे पळत्यात."

अण्णा "हं" म्हणाले. पंचवीस वर्षं ते जिल्ह्यातल्या कबड्डीचे पंच होते. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण पंच म्हणून व्हायला तयार नव्हते. घरात आमटीला मीठ जास्त पडलं तरी ते निर्णय दिल्यासारखं सांगत आणि सांगून झालं की त्यावर चर्चा नसे. त्यांचा 'हं' म्हणजे निर्णय राखून ठेवला आहे असं समजायचं.

खरं तर मी चेंडू दाखवायला गेलोच नव्हतो. त्यांच्या त्रिशलाला मागणी घालायला गेलो होतो. असल्या कामाला रीतीप्रमाणे वडीलधारी माणसं जातात. पण आमच्या वडिलांनी हात झटकले होते. "तू त्या माणसाशी भर मैदानात भांडलायस, आता निस्तर तूच," असं म्हणून ते उसाला पाणी पाजायला निघून गेले.

मी भांडलो नव्हतो. जिल्ह्याच्या फायनलला शेवटच्या चढाईत मी तिघांना शिवलो, पण वळताना माझी टाच मागच्या रेषेबाहेर पडली असं पंचांचं, म्हणजे अण्णांचं, मत पडलं. कबड्डीत मागच्या रेषेबाहेर पाय गेला की माणूस बाद. त्याआधी त्यानं काय पराक्रम केला ते कुणी विचारत नाही. मी एवढंच म्हणालो, "अण्णा, टाच आत होती." पंचाशी बोललो म्हणून त्यांनी समोरच्या टीमला वर आणखी एक गुण दिला आणि आम्ही एका गुणानं हरलो. मग मी तेच पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. मग आमची टीम म्हणाली. मग गाव म्हणालं. पोलीस यायच्या आत प्रकरण मिटलं, पण अण्णांच्या मनातून मी जो उतरलो तो उतरलोच.

त्यानंतर आठवड्याभरानं जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर एक मुलगी सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाली, "टाच भाईर होती. मी बघितलीया." ती त्रिशला. फार्मसीला होती. मी म्हणालो, नव्हती. ती म्हणाली, होती. हा वाद आम्ही पुढं दोन वर्षं रोज घातला, आणि आता तो नीट घालायचा तर लग्न केलेलं बरं पडेल असं दोघांनाही वाटायला लागलं होतं. टाच मात्र माझ्या मनाला लागली होती. मी रोज पहाटे चुन्यानं रेषा मारून त्या एकाच गोष्टीचा सराव केला. शेवटी शेवटी डोळे बांधून पळालो तरी पाय रेषेच्या अलीकडं आपोआप थांबायचे.

"तर कबड्डी सोडलीस," अण्णा म्हणाले.

"सोडली न्हाई. पुण्यात ह्या अमेरिकन फुटबॉलची टीम निघालीया, तिच्यात घेतलंय मला. अमेरिकेचा कोच हाय."

"तुझं काम काय तिथं?"

"रनिंग बॅक."

"म्हंजे?"

"माझ्या हातात चेंडू देत्यात, आणि समोरच्या अकरा जणांतनं मी पळायचं."

"आणि तुझी माणसं?"

"ती वाट करून देत्यात."

"समोरच्यांनी धरलं तर?"

"धरत्यातच. अंगावर पडत्यात."

अण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं. माझं नाव सुकुमार आणि वजन ब्याण्णव किलो. ह्या दोन गोष्टींचा मेळ घालायचा प्रयत्न माणसं पहिल्या भेटीत करतात. अण्णा मला चांगले ओळखत होते, तरी त्यांनी तो आज पुन्हा केला.

"सुकुमार, तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले, "जो पंचाचं ऐकत न्हाई तो बायकोचं काय ऐकणार?"

"तुमी तरी आईचं कुठं ऐकताय?" आतून त्रिशलाचा आवाज आला. पाठोपाठ ती चहा घेऊन आली. कप ठेवताना चेंडू तिच्या पायाशी घरंगळत गेला, तिनं तो उचलून काखेत धरला आणि तशीच उभी राहिली. अण्णांना ते आवडलं नाही.

अण्णांनी तिच्यासाठी इचलकरंजीचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा बँकेत होता, चष्मा लावायचा, आणि कुणाशी भांडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिनं त्याला हो म्हटलं नव्हतं, पण अण्णांचा शब्द मोडून माझ्याबरोबर पळून येणार नाही हेही तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं. "मला दोघंबी पायजेत," ती म्हणाली होती. "कसं जमवायचं ते तू बघ." सगळं माझ्या गळ्यात घालून ती मोकळी झाली होती.

अण्णांनी चहा संपवला. "एक सामना बघतो तुझा," ते म्हणाले. "बघितल्याबिगर बाद द्यायचं न्हाई, ही माझी रीत हाय. पण बघून जो निर्णय देईन त्यावर दोघांनीबी बोलायचं न्हाई."

"चालंल," त्रिशला म्हणाली.

"चालंल," मी म्हणालो. न चालून सांगतो कुणाला.

पुण्याची टीम म्हणजे सगळी उसनवारीची माणसं होती. कुणीतरी श्रीमंत लोकांनी डोकं लावलं होतं की अमेरिकेत हा खेळ एवढा चालतो तर आपल्याकडं का चालू नये, आणि त्यासाठी शहराशहरांच्या टीमची एक लीग काढून गावोगावची दणकट पोरं गोळा केली होती. त्यात दोन पैलवान होते, एक भालाफेकवाला होता, पुण्यातला रग्बी खेळणारा नेल्सन होता आणि बाकी सगळे आम्ही कबड्डीवाले. टीमचं नाव होतं सह्याद्री बायसन्स. बायसन म्हणजे गवा, हे मी सगळ्यांना सांगितल्यावर पैलवानांना बरं वाटलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो. त्या इंग्रजीचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग होत होता, कारण कोचचं बोलणं सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं.

कोचचं नाव मार्विन टिब्स. अलाबामाचा. एकेकाळी तोही व्यावसायिक रनिंग बॅक होता. दारातून आत येताना आधी खांदे यायचे, मग तो यायचा, आणि सगळ्यात शेवटी उजवा पाय, कारण तो गुडघ्यात वाकत नव्हता. त्याचं बोलणं इथं मी माझ्या मराठीत देतोय. त्यातल्या शिव्या गाळल्या आहेत, त्यामुळं ते जरा कमी वाटेल.

"सुकू," तो मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "आमच्याकडं रनिंग बॅकला लोक नाव विचारत नाहीत. गुडघा कसा आहे विचारतात."

"तुमचा कधी गेला?"

"तिसऱ्या वर्षी. शेवटच्या सामन्यात. रेषा एक हातावर होती." त्यानं हात पुढं करून दाखवला. "एक हात. चेंडू घेऊन टोकाची रेषा ओलांडली की सहा गुण. मी पडलो तिथून मला गवतावरचा चुना दिसत होता. अजून झोपेत दिसतो."

मला त्याचं फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "मी ओलांडीन, कोच." तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुला शिकवायचं एवढंच आहे. चेंडू घे, जा, थांबू नको."

तसं बघितलं तर मला फारसं शिकवावं लागलंच नाही. माणसांच्या घोळक्यात शिरायचं, कुणाचा हात कुठून येतोय ते ओळखायचं, अंग चोरून निसटायचं, हे मी दहाव्या वर्षापासून करत होतो. फक्त चेंडू हातात आला की माझ्या तोंडून आपोआप 'कबड्डी कबड्डी' सुरू व्हायचं. कोचनं ते आधी बंद करायला लावलं. पण गप्प राहिलो की मी हळू पळायचो, म्हणून त्यानं नाद सोडला. "म्हण बाबा," तो म्हणाला. "माझा एक दोस्त पळताना बायबल म्हणायचा."

सराव एका कॉलेजच्या ग्राउंडवर चालायचा. तिथं सकाळी पोरं क्रिकेट खेळायची, त्यामुळं आम्हाला चुना टाकायची परवानगी नव्हती. एका टोकाला चिंचेचं झाड होतं आणि कोच म्हणायचा, झाडापर्यंत पळ. मी झाडापर्यंत पळायचो, झाडाच्याही पुढं पळायचो, एकदा तर कंपाउंड ओलांडून रस्त्यावर गेलो. कोच खूश होता. आम्ही खुळे, आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की सामन्याच्या दिवशी तिथं झाड नसेल, रेषा असेल.

सामना रविवारी दुपारी पुण्याच्याच स्टेडियमवर होता. अण्णा पांढरं धोतर, काळा कोट आणि टोपी घालून आले होते. बरोबर त्रिशला आणि तिची आई. मी पास पाठवले होते, त्यामुळं त्यांना अगदी पहिल्या ओळीत, आमच्या बाकाच्या मागंच जागा मिळाली होती. मधे फक्त एक दोरी होती. म्हणजे अण्णांचं प्रत्येक मत मला ऐकू येणार होतं.

"ह्ये हेल्मेट कशाला?"

"डोस्कं फुटू नये म्हणून, अण्णा," त्रिशला सांगत होती.

"डोस्कं असलेला माणूस हितं कशाला येईल?"

थोड्या वेळानं: "पंच किती हायत? एक, दोन, तीन... सात? आणि सातबी जणांचा सदरा पट्ट्यापट्ट्याचा? एका पंचाला दिसत न्हाई म्हणून सात ठेवलेत व्हय?"

आणखी थोड्या वेळानं: "परत थांबले. ह्येंची विश्रांती चालू असती आणि मधनंमधनं खेळ व्हतो."

मी राखीव होतो. पळायचं काम नेल्सन करत होता आणि चांगलं करत होता. मी बाकावर बसून मांड्या चोळत होतो आणि मनात एकच चाललं होतं की आपण मैदानात उतरलोच नाही तर अण्णा काय निर्णय देणार. न खेळलेल्या माणसाला ते मुलगी देणार नाहीत हे तर उघड होतं. इचलकरंजीचा तो चष्मेवाला माझ्या डोळ्यांसमोर लग्नाचे लाडू खाताना दिसायला लागला.

समोर हैदराबादची टीम होती. तीही आमच्यासारखीच गोळा केलेली. त्यातले अर्धेअधिक कबड्डीवाले आणि तिघा-चौघांची माझ्याशी जुनी ओळख. एक मुलगा तेवढा अमेरिकेत शिकून आलेला होता आणि तो सगळ्यांवर ओरडत होता. खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता, आम्ही चार गुणांनी मागं होतो, आणि तेवढ्यात नेल्सनचा घोटा मुरगळला. त्याला दोघांनी धरून बाहेर आणला.

कोच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या हेल्मेटची पट्टी आवळली. "सुकू. एकच पळ. तू रेषा ओलांडलीस की आपण जिंकलो."

"व्हय," मी मराठीत म्हणालो. त्याला कळलं.

मागून त्रिशलाची आई म्हणाली, "अगंबाई, आपला सुकुमार." आणि अण्णा म्हणाले, "आपला कुणाचा, ते बघू."

डाव मैदानाच्या अगदी मधोमध सुरू झाला. पायाखाली ठसठशीत पांढरी मध्यरेषा होती. चेंडू माझ्या पोटात आला, मी दम धरला आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणत घुसलो.

त्या पळण्याचं वर्णन मी अनेकांना केलं आहे आणि दर वेळी ते थोडं वाढलं आहे, म्हणून इथं आवरतं घेतो. पैलवानांनी वाट करून दिली. पहिला माणूस अंगावर आला, त्याला मी खांद्याला शिवलो आणि निसटलो. दुसऱ्याला हाताला शिवलो. हे असं शिवायची काही गरज नव्हती, पण हात मोकळा होता आणि सवय जात नाही. मग समोर मैदान मोकळं. स्टेडियम उभं राहिलं. पुढं फक्त एक उंच माणूस, त्याला मी पायानं शिवलो, तो पडला, आणि आता माझ्यापुढं कुणीही नव्हतं. फक्त रेषा होती. चुन्याची, पांढरी, सरळ, मागची रेषा.

माझे पाय थांबले.

मी थांबवले नाहीत. मी खरंच सांगतो, डोकं पुढं चाललं होतं. पण पाय त्या रेषेच्या एक हात अलीकडं जागच्या जागी रुतले, टाच आत, अगदी आत, आणि शरीर आपोआप वळलं. छातीत अजून दम होता. तिघांना शिवलो होतो. आता उरलं होतं काय, तर परत जाणं. मी परत पळत सुटलो.

हैदराबादचे आठ जण माझ्या मागं धावत येत होते, ते आता माझ्या पुढ्यात आले. त्यांतल्या कबड्डीवाल्यांना मी काय करतोय ते एका क्षणात कळलं आणि त्यांनी हातात हात घालून साखळी केली. अमेरिकेत शिकलेला मुलगा काहीतरी किंचाळत होता, पण त्याचं कोण ऐकतंय. मी साखळीच्या टोकावरून उडी मारली, एकानं घोटा धरला, तो झटकला, आणि शेवटच्या दमात कबड्डी म्हणत मध्यरेषेच्या पलीकडं अंग टाकलं.

आमचा बाक पिसाळला. पैलवान नाचायला लागले. भालाफेकवाल्यानं मला उचललं. मी चेंडू खाली ठेवला, मातीला हात लावून कपाळाला लावला. आणि समोर बघतो तर मी ज्यांना शिवलो होतो ते तिघं मान खाली घालून मैदानाबाहेर चालले होते. बाद झालेल्या माणसानं जावं तसे. साखळी सुटली होती. बाकीच्यांनी कमरेवर हात ठेवले होते.

फक्त तो अमेरिकेत शिकलेला मुलगा चालत आला, त्यानं माझ्या पायाशी ठेवलेला चेंडू उचलला, शिट्टी अजून झालेली नाही हे इकडंतिकडं बघून घेतलं, आणि आमच्या बाजूच्या टोकाकडं पळत सुटला. त्याला अडवायला कुणीही नव्हतं. आम्ही सगळे एकमेकांना मिठ्या मारत होतो. तो रेषा ओलांडून गेला आणि सातही पंचांनी शिट्ट्या वाजवल्या.

मग स्टेडियम हसायला लागलं. तेव्हा कुठं माझं डोकं पायांपाशी पोचलं.

अधिकृत आकड्यांत माझ्या नावापुढं त्या दिवशी एक धाव आणि उणे एक यार्ड लागलं, कारण चेंडू मी निघालो त्या जागेच्या एक यार्ड मागं ठेवला होता. पुन्हा मला कुणी मैदानात उतरवलं नाही आणि पाऊस लागायच्या आत ती लीगच गुंडाळली गेली. म्हणजे माझी उभी कारकीर्द ती एवढीच. आज मी शाळेत पोरांना कबड्डी शिकवतो आणि नवीन शिक्षक आले की कुणीतरी त्यांना सांगतंच, की आमचे चौगुले सर व्यावसायिक रनिंग बॅक होते. मग ते विचारतात, किती यार्ड?

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी मध्यरेषेवर उभा होतो आणि मला मरावंसं वाटत होतं. कोच टिब्स पाय सरळ लांब करून गवतावर बसला होता. तो हसत होता की रडत होता ते मला कळेना. "एक हात, सुकू," तो म्हणत होता. "मला उचलून नेलं म्हणून मी मागं आलो. तू आपल्या पायांनी आलास."

मी दोरीकडं बघायचं धाडस केलं. त्रिशला उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. तिच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. अण्णा उठून गेले, एवढंच माझ्या ध्यानात आलं. निकाल लागला. मला खरोखर रडू आलं, हेल्मेट होतं म्हणून बरं.

तेवढ्यात आमचे पैलवान बाजूला सरकले आणि त्यांच्यातून काळा कोट बाहेर आला. अण्णा दोरी ओलांडून मैदानात उतरले होते. ज्या माणसानं पंचवीस वर्षांत दोरीच्या आत एक प्रेक्षक येऊ दिला नाही, तो धोतराचा सोगा हातात धरून तरातरा चालत, दोन रखवालदारांना मागं टाकून, मुख्य पंचासमोर जाऊन उभा राहिला. पंच अमेरिकन होता आणि अण्णांपेक्षा दोन हात उंच होता.

"सुकुमार," अण्णा त्याच्याकडंच बघत म्हणाले, "हिकडं ये. भाषांतर कर."

मी गेलो. कोच उठून लंगडत आला.

"ह्येला सांग, ही चढाई बरोबर हाय. पोरगा तिघांना शिवला, दम सोडला न्हाई, मागच्या रेषेला पाय लागू दिला न्हाई, आणि मध्यरेषा गाठली. मी सोता बघितलंय. टाच आत होती."

मी सांगितलं. पंच म्हणाला, "हा वेगळा खेळ आहे, सर."

"वेगळा असंल. पण ते तिघं आपल्या पायांनी भाईर गेले का न्हाई? त्यांना तू घालवलंस का? खेळणाऱ्यांनी मान्य केलंय, आणि तू शिट्टी मारून सहा गुण दुसऱ्याला देतोस? सात जण मिळून एवढं दिसंना तुमाला?"

मी तेही सांगितलं, फक्त शेवटचं वाक्य जरा मऊ केलं. पंचानं त्या तिघांकडं बघितलं. ते खरोखरच बाहेर जाऊन ओळीनं बसले होते. मग त्यानं कोचला विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"सुकू, कोण आहेत हे?" कोचनं मला विचारलं.

"काय म्हणतोय?" अण्णा म्हणाले.

"तुमी कोण, असं विचारतोय."

"सांग की. पंचवीस वर्सं पंच हाय म्हणावं."

मी सांगितलं. पंच जरा नरमला. मान लववून म्हणाला, "पण ह्या खेळाडूशी यांचा काय संबंध?"

"काय म्हणतोय?"

"अण्णा, तो म्हणतोय..." मी कोचकडं बघितलं. "तुमी माझे कोण लागता, असं म्हणतोय."

अण्णांनी पहिल्यांदा पंचावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. हेल्मेटच्या जाळीतून त्यांना माझं कितपत दिसलं कुणास ठाऊक. टोपी सारखी करून त्यांनी घसा खाकरला.

"सासरा हाय म्हणून सांग."

मी आधी हेल्मेट काढलं.

"सांग की. आता इंग्लिश सपलं व्हय तुझं?"

मी सांगितलं. 'फादर-इन-लॉ' हे शब्द मी बी.ए.ला असताना शिकलो असेन, पण ते उच्चारायला इतके अवघड आहेत हे मला ठाऊक नव्हतं. कोचनं अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दोरीपलीकडं उभ्या त्रिशलाकडं बघितलं आणि मोठ्या आदरानं आपल्या डोक्यावरची टोपी काढली.

पंच मात्र पंच होता. तो शांतपणे म्हणाला, "मग तर सर, तुमचं म्हणणं मला मुळीच विचारात घेता येणार नाही."

"काय म्हणतोय?"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. आता भडका उडणार, रखवालदार येणार आणि माझे सासरे पुण्यातल्या पोलीस चौकीत बसणार, असं मला वाटलं.

अण्णा विचारात पडले. पंचाला त्यांनी खालपासून वरपर्यंत पुन्हा एकदा न्याहाळलं, आणि ह्या वेळी त्यांच्या नजरेत वेगळंच काहीतरी होतं.

"खरं हाय त्याचं," ते म्हणाले. "नात्यातल्याचं धरायचं नसतंय."

त्यांनी पंचाला नमस्कार केला. पंचानंही केला. मग सोगा सावरत ते आले तसे चालत निघाले, दोरीपाशी थांबले, आणि त्रिशलाला म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? पाणी दे त्येला. लई लांबनं पळत आलाय."